'डार्क सोल्स'मधील अप्रकट पूर्वकथा आणि चाहत्यांचे तर्क : अर्थनिर्णयाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

कलाकृतीने जे सांगितले नाही, त्याविषयी रसिकांनी तर्क करणे ही गोष्ट नवी नाही. आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथांतील विसंगती गोळा करून रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे एक निबंध वाचला होता. धर्मग्रंथांच्या चिकित्सेत वापरली जाणारी पांडित्यपूर्ण पद्धती त्यांनी विनोदाने गुप्तहेरकथांना लावून दाखविली. विनोदाने सुरू झालेल्या या उद्योगाची पुढे परंपरा झाली. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांच्या संस्कृतीवर ग्रंथ लिहून या वर्गाला अभ्यासविषयाचा दर्जा मिळवून दिला. एकविसाव्या शतकात ही परंपरा सर्वाधिक जोमाने वाढली ती व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात होय.

व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी धारणा अध्यापकवर्गात आढळते. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि काही गेमच्या संदर्भात खेळाडू जे करतात, ते साहित्याच्या वर्गात अपेक्षित असलेल्या वाचनाच्या फार जवळ जाते. एका वाक्यातील एका विशेषणावर ते दिवसेंदिवस चर्चा करतात, पुरावे मांडतात, प्रतिपक्षाचे खंडन करतात आणि प्रसंगी स्वतःचे मत मागेही घेतात. प्रस्तुत लेखात 'डार्क सोल्स' या जपानी अद्भुतकथात्मक गेमच्या आधारे अशा तर्कांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कोणता तर्क स्वीकारार्ह आणि कोणता केवळ चमत्कृतिपूर्ण, हे कशाच्या आधारे ठरवावे, हा या विवेचनातील मुख्य प्रश्न आहे.

१. कृतीचा परिचय आणि तिची कथनपद्धती

'डार्क सोल्स' हा गेम जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी होत. २०१२ मध्ये त्याला एक पुरवणी भाग जोडण्यात आला. दुसरा भाग २०१४ मध्ये व तिसरा २०१६ मध्ये आला, आणि २०१७ मधील 'द रिंग्ड सिटी' या पुरवणीने मालिकेची कथा संपली.

कथेचा आरंभ सृष्ट्युत्पत्तीच्या पुराणासारखा आहे. प्रारंभी धूसर खडक, प्रचंड वृक्ष आणि अमर ड्रॅगन एवढेच अस्तित्वात होते. मग अग्नी प्रकट झाला आणि त्याच्याबरोबर प्रकाश व अंधार, जीवन व मृत्यू असे भेद निर्माण झाले. त्या अग्नीतून काहींना सामर्थ्यशाली आत्मे लाभले. मृतांचा पहिला अधिपती निटो, इझालिथची चेटकीण, सूर्यप्रकाशाचा स्वामी ग्विन आणि सहज विसरला जाणारा एक खुजा, असे हे मानकरी. ग्विनने ड्रॅगनांचा पराभव केला व अग्नियुग सुरू झाले. खेळाडू या जगात येतो तेव्हा तो अग्नी विझत आलेला असतो.

एवढे कथन संपले की निवेदक जवळजवळ मौन पत्करतो. पुढील इतिहास तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला आहे. खेळाडूला तलवार, अंगठी, चिलखत अशी एखादी वस्तू सापडते. तिच्या सोबत दोन-चार वाक्यांचे वर्णन असते. ती वस्तू कोणत्या ठिकाणी, कोणाच्या प्रेताजवळ सापडली यालाही अर्थ असतो. भग्न पुतळे, बंद दारे, वास्तूंची रचना हीसुद्धा कथनाची साधने ठरतात. पात्रे बोलतात, परंतु ती अर्धवट बोलतात आणि काही वेळा खोटेही बोलतात. फ्रॅम्प्ट आणि काथ हे दोन आदिसर्प याचे ठळक उदाहरण आहे. विझणारा अग्नी पुन्हा चेतवावा असे फ्रॅम्प्ट सांगतो, तर ग्विनने अंधाराच्या भयापोटी अग्नियुग लांबविले, आता मानवांचे अंधारयुग येऊ द्यावे, असे काथ सांगतो. बहुसंख्य खेळाडूंना काथ भेटतच नाही, कारण त्यासाठी घटनांचा विशिष्ट क्रम साधावा लागतो.

या पद्धतीचे मूळ दिग्दर्शकाच्या बालपणात सापडते. वयाच्या मानाने कठीण असलेली पुस्तके आपण लहानपणी वाचनालयातून आणत असू, त्यांतील न समजलेला भाग चित्रांच्या व कल्पनेच्या साहाय्याने भरून काढत असू, असे मियाझाकी यांनी २०१५ मधील एका मुलाखतीत सांगितले आहे. अपुऱ्या आकलनाचा तो आनंद त्यांनी इतरांसाठी हेतुपुरस्सर घडविला. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, असे प्रतिपादन केले होते. येथे त्या रिकाम्या जागा हाच रचनेचा कणा आहे.

२. तर्काचे स्वरूप : अर्थापत्ती

चाहत्यांच्या तर्काला कोणत्या प्रकारचे ज्ञान म्हणावे? भारतीय प्रमाणविचारातील 'अर्थापत्ती' ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. मीमांसकांनी दिलेले उदाहरण सर्वपरिचित आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरीही तो पुष्ट आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदण्यासाठी तो रात्री जेवत असला पाहिजे, असे मानावे लागते. जे दिसले किंवा ऐकले ते दुसऱ्या कोणत्याही प्रकारे जुळत नाही, म्हणून न दिसलेल्या गोष्टीची कल्पना करणे म्हणजे अर्थापत्ती. या व्याख्येतील 'दुसऱ्या कोणत्याही प्रकारे जुळत नाही' ही अट महत्त्वाची आहे. दुसरे सरळ स्पष्टीकरण उपलब्ध असेल, तर अर्थापत्ती लंगडी पडते.

गेममधील ग्विनेव्हिअरचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अनोर लोंडो या देवनगरीत खेळाडूला ग्विनची कन्या ग्विनेव्हिअर प्रत्यक्ष भेटते. तिच्या महालात लख्ख सूर्यप्रकाश असतो. मात्र तिच्या नावाच्या अंगठीचे वर्णन सांगते की, ती इतर देवतांसह आपले घर सोडून गेली आणि एका अग्निदेवतेची पत्नी झाली. जी निघून गेली ती समोर कशी? पाहिलेले आणि वाचलेले यांचा मेळ बसत नाही. तो बसवायचा तर समोरची आकृती खरी नाही, असे मानावे लागते. या तर्काची परीक्षाही गेममध्येच करता येते. खेळाडूने तिच्यावर शस्त्र चालविले की आकृती नाहीशी होते, सूर्यप्रकाश मावळतो आणि सारी नगरी काळोखात बुडालेली दिसते. हा सगळा देखावा ग्विनचे दुसरे अपत्य ग्विंडोलिन याने उभा केलेला असतो. देवांनी सोडून दिलेल्या नगरीत खोटा सूर्य तेवत ठेवलेला आहे, ही कथेतील अत्यंत महत्त्वाची बाब आहे. तरीही ती न कळता गेम पूर्ण करता येतो.

३. तीन उदाहरणे

सर्वच तर्कांना अशी प्रत्यक्ष परीक्षा लाभत नाही. पुढील तीन उदाहरणांत तर्कांची गती वेगवेगळी झाली.

(अ) ग्विनचा ज्येष्ठ पुत्र

पहिल्या भागातील वर्णनांनुसार ग्विनचा ज्येष्ठ पुत्र युद्धदेव होता. काही मूर्खपणामुळे त्याचे देवत्व काढून घेण्यात आले व इतिहासातून त्याचे नाव पुसले गेले. तो आजही आपल्या योद्ध्यांवर लक्ष ठेवून असतो, असेही एका पदकाच्या वर्णनात म्हटले आहे. तो कोण, याचे उत्तर मात्र दिलेले नाही.

या रिकाम्या जागेत अनेक चाहत्यांनी सोलेअर या पात्राला बसविले. सोलेअर हा अस्टोरा देशाचा आनंदी, मदतीस तत्पर असलेला सरदार आहे. तो सूर्ययोद्ध्यांच्या संघाचा अनुयायी असून 'स्वतःचा सूर्य' शोधण्यासाठी भटकत असतो. पित्याचा प्रकाश शोधणारा विस्मृत राजपुत्र ही कल्पना मोहक होती आणि ती दीर्घकाळ लोकप्रिय राहिली.

तथापि तिच्या विरुद्धचा पुरावा पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता. सोलेअरच्या ढालीवरील सूर्यचिन्ह त्याने स्वतः रंगविलेले असून त्यात कोणतीही दैवी शक्ती नाही, त्याचे कौशल्य केवळ त्याच्या मेहनतीचे फळ आहे, असे त्या वस्तूचे वर्णन स्पष्ट सांगते. त्याची तलवारही चांगली घडविलेली, परंतु साधीच आहे. म्हणजे सोलेअरची सूर्यभक्ती त्याला राजपुत्र न मानताही पूर्णपणे समजते. अर्थापत्तीची अट येथे पुरी होत नाही.

२०१६ मधील तिसऱ्या भागात खेळाडूला एका दुर्गम शिखरावर 'अनाम राजा' भेटतो. तो एकेकाळी ड्रॅगनांचा संहार करणारा युद्धदेव होता व पुढे सर्वस्वाचा त्याग करून ड्रॅगनांनाच मिळाला, असे त्याच्या वर्णनात आहे. त्याचा मुकुट आद्य स्वामी ग्विनच्या मुकुटाशी मिळताजुळता असल्याचेही म्हटले आहे. हाच तो ज्येष्ठ पुत्र, असे वाक्य कोठेही नाही. परंतु युद्धदेवपद, पुसलेले नाव, पित्याच्या शत्रूशी केलेले सख्य आणि मुकुटाचे साम्य हे चार दुवे एकाच दिशेने जातात. ज्याला 'मूर्खपणा' म्हटले गेले तो काय असावा, याचेही उत्तर त्यातून मिळते. या तर्काला पर्याय सुचविणे अवघड आहे.

येथे आणखी एक मुद्दा विचारार्ह आहे. सोलेअरला राजपुत्र ठरविल्याने पात्राची प्रतिष्ठा वाढते, पण कथेचा आशय उणावतो. पुढे एका तेजस्वी किड्यालाच आपला सूर्य समजून सोलेअरचा बळी जाऊ शकतो. साध्या माणसाने स्वतःच रंगविलेल्या चिन्हावर इतकी निष्ठा ठेवावी आणि ती अशी फसावी, यातील करुणा तो साधा माणूस असण्यातच आहे. गुप्त वंशावळ शोधण्याच्या भरात ही करुणा हातची निसटते. एखादी व्याख्या पुराव्याने खोटी ठरण्यापूर्वीच ती कृतीतील सर्वांत मोलाची गोष्ट नाहीशी करते काय, हेही तपासले पाहिजे.

(आ) विसरला गेलेला खुजा

दुसरे उदाहरण आरंभकथेतील खुज्याचे. मानवजातीचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या या खुज्याविषयी पहिल्या भागात फारसे काही नाही. २०१२ च्या पुरवणीत मॅनस नावाचे भयंकर पात्र आले. तो पाताळाचा जनक, परंतु मुळात मानव होता, असे वर्णनात म्हटले आहे. मॅनस म्हणजेच तो खुजा, हा तर्क त्यावरून रूढ झाला. उपलब्ध पुराव्यात तो अवाजवी नव्हता. मात्र २०१७ च्या पुरवणीत खुज्यांचे एक नव्हे, अनेक राजे दिसले आणि ग्विनने त्यांना जगाच्या टोकाला एक नगर दिल्याचे कळले. एकच खुजा होता हे गृहीतकच त्यामुळे डळमळीत झाले. तर्क पूर्णतः बाद झाला असे नव्हे, परंतु त्याची मांडणी बदलावी लागली.

(इ) गळ्यातील लॉकेट

तिसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. पहिल्या भागाच्या आरंभी खेळाडूला भेटींच्या यादीतून एक वस्तू निवडता येते. त्यांत एक साधे लॉकेट आहे. आपण स्वतः ते लॉकेट निवडू किंवा काहीच घेणार नाही, अशा आशयाचे उद्गार मियाझाकी यांनी काढले होते. त्यावरून खेळाडूंनी लॉकेटचे गुपित शोधण्याचा सपाटा लावला. ते घेऊन सर्व प्रदेश पालथे घातले गेले, सर्व पात्रांसमोर ते वापरून पाहिले गेले. हाती काही लागले नाही. अखेर ती आपली थट्टा होती, असे मियाझाकी यांनी २०१२ मध्ये मान्य केले.

लक्षणीय बाब अशी की, लॉकेटच्या वर्णनात त्याचा काही परिणाम होत नाही, असे पहिल्यापासून नमूद होते. खडतर प्रवासात सुखद आठवणी मोलाच्या असतात, एवढीच पुस्ती त्याला जोडली होती. संहिता खरे सांगत होती. वाचकांनी संहितेबाहेरील शब्दावर विश्वास ठेवला आणि संहितेचे वाक्य हेच आवरण मानले.

४. भाषांतराचा पेच

या तर्कांचा मोठा भाग इंग्रजी मजकुरावर उभा आहे, तर वस्तूंची वर्णने मुळात जपानीत लिहिली गेली. जपानी भाषेत नामाचे एकवचन-अनेकवचन बहुधा रूपावरून कळत नाही. आरंभकथेतील खुज्याचा जपानी शब्द एकासाठीही चालतो आणि अनेकांसाठीही. इंग्रजीला मात्र निवड करावी लागली व तिने एकवचन निवडले. एकच खुजा असल्याच्या धारणेला त्या व्याकरणिक निवडीने बळ दिले, हे उघड आहे.

तरीही 'मूळ जपानी, इंग्रजी दुय्यम' असा सरळ निवाडा करता येत नाही. या गेममधील पात्रांचे संवाद जपानी आवृत्तीतही इंग्रजीतच ऐकू येतात. उच्चारित शब्द एका भाषेत आणि लिखित वर्णन दुसऱ्या भाषेत, अशी ही दुहेरी संहिता आहे. दोन्ही पाठ ताडून पाहणारे चाहते नकळत पाठचिकित्सेचेच काम करतात. एका भाषांतराच्या आधारे शब्दाशब्दावर इमारत उभारणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाने हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

५. कर्त्याचा अधिकार

कृतीचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कर्त्याकडे असतो काय? विम्सॅट व बियर्ड्सली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला समीक्षेचा निकष मानण्यास आक्षेप घेतला. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. 'डार्क सोल्स'च्या चाहत्यांचे वर्तन या दोन्ही भूमिकांना छेद देणारे आहे. ते कर्त्याला दूर सारून स्वतंत्रपणे अर्थ लावतात, त्याच वेळी त्याच्या मुलाखतीतील शब्द न् शब्द टिपून ठेवतात.

लॉकेटच्या प्रकरणातून मधला मार्ग दिसतो. कर्त्याचे बोलणे हाही एक पुरावा आहे, पण तो संहितेला बाजूला सारू शकत नाही. मीमांसेने तात्पर्य ठरविण्यासाठी सहा गमके सांगितली आहेत. उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरावृत्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही ती गमके होत. त्यांत कर्त्याच्या मनोगताला स्थान नाही, कारण मीमांसक ज्या वेदाचा अर्थ लावत होते तो त्यांच्या मते अपौरुषेय होता. कर्ताच नसलेल्या संहितेचा अर्थ शिस्तीने लावता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. अनाम राजाचा तर्क अभ्यास आणि उपपत्ती या दोन कसोट्यांवर टिकतो, कारण युद्धदेवाचे पुसलेले नाव निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा येते आणि सर्व उल्लेख एकमेकांशी जुळतात. लॉकेटच्या गुपिताला अशी एकही पुनरावृत्ती पाठीशी नव्हती.

६. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

या विवेचनाचा महाविद्यालयीन अध्यापनाशी थेट संबंध आहे. साहित्याच्या उत्तरपत्रिकांत 'कवीला असे म्हणायचे आहे' हे वाक्य वारंवार येते. पुष्कळदा ते मार्गदर्शक पुस्तिकेतून उचललेले असते आणि कवितेतील कोणत्या शब्दावरून तसे म्हटले, हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. 'डार्क सोल्स'विषयी तर्क मांडणाऱ्याला मात्र कोणती वस्तू, कोणते ठिकाण, कोणते वाक्य हे सांगितल्याशिवाय सुटका नसते. तसे न केल्यास त्याचे सोबतीच त्याला अडवितात.

या समूहाचे दोषही दुर्लक्षिता येणार नाहीत. एखादे लोकप्रिय स्पष्टीकरण एकदा रूढ झाले की नवे खेळाडू स्वतः शोध घेण्याऐवजी तेच ग्रहण करतात. अशा वेळी मार्गदर्शक पुस्तिका आणि ते स्पष्टीकरण यांत फरक उरत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. प्रत्येक गोष्टीमागे काही तरी दडलेले असलेच पाहिजे, अशी सवय मनाला लागते. मग पुराव्याचा अभाव हाच गुप्ततेचा पुरावा वाटू लागतो. हीच सवय कलाकृतीबाहेर, सार्वजनिक जीवनात गेली की अफवा आणि कटकारस्थानाच्या कथा यांना सुपीक भूमी मिळते. म्हणून तर्क करण्याच्या उत्साहाइतकेच तर्क सोडून देण्याचे शिक्षण आवश्यक ठरते.

त्यासाठी वर्गात तीन प्रश्न विचारता येतील. हा अर्थ संहितेतील नेमक्या कोणत्या शब्दांवर उभा आहे? या अर्थावाचून ते शब्द समजत नाहीत काय? आणि संहितेत काय आढळले असते तर हा अर्थ आपण सोडून दिला असता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती व्याख्या कितीही चतुर असली तरी तिला ज्ञानाचा दर्जा देता येणार नाही. हे प्रश्न गेमला जितके लागू आहेत तितकेच कवितेला, शिलालेखाला आणि बखरीलाही लागू आहेत.

निष्कर्ष

१. 'डार्क सोल्स'मधील पूर्वकथा हेतुतः अपूर्ण ठेवलेली आहे आणि ती जुळविणे हा त्या कृतीच्या आस्वादाचाच भाग आहे.

२. चाहत्यांचे सशक्त तर्क अर्थापत्तीच्या स्वरूपाचे असतात. दुसरे सरळ स्पष्टीकरण संभवत नसेल तेव्हाच ते बळकट ठरतात. ग्विनेव्हिअर आणि अनाम राजा यांविषयीचे तर्क या कसोटीस उतरतात, सोलेअरविषयीचा तर्क उतरत नाही.

३. कर्त्याचे संहितेबाहेरील विधान हा विचारात घेण्याजोगा पुरावा असला, तरी तो अंतिम नव्हे.

४. भाषांतरित संहितेवर आधारलेले सूक्ष्म तर्क मूळ पाठाशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

५. तर्काची योग्यता त्याच्या चमत्कृतीत नसून संहितेचा नकार ऐकण्याच्या त्याच्या तयारीत असते.

लॉकेटमध्ये काही दडलेले नाही, हे त्याच्या वर्णनातच लिहिलेले होते. जे लिहिले आहे ते आधी नीट वाचणे, ही दडलेल्या अर्थाच्या शोधाची पहिली पायरी होय.